घट

गुलटेकडीला, आडतीच्या गाळ्यात,
माझ्या वहीला सहा रकाने आहेत.
शेवटचा सगळ्यांत अरुंद. त्याचं नाव घट.
तिथे फक्त आकडा मावतो.

पहाटे चारला नारायणगावचा टोमॅटो उतरतो.
ट्यूबच्या उजेडात निळे क्रेट, लाल क्रेट,
आणि कुणीतरी ओरडतं, "पाय काढ रे!"
मी लिहिते : आवक एकशे बारा. घट नऊ.
नऊ म्हणजे काय, हे विचारायची पद्धत नाही.
भंडारीशेठ म्हणतात, "घट म्हणजे हिशोब संपला, पोरी.
संपलेल्याचा कुणी पुन्हा हिशोब करतं का?"

मग एकदा हमालांतल्या कोंढऱ्यांनी
एक क्रेट माझ्या टेबलाशी आणून टेकवला.
वरचे टोमॅटो तकतकीत, लग्नाला निघाल्यासारखे.
तळाचे बसलेले,
एकमेकांच्या अंगावर फुटून पातळ झालेले.
"खालच्यांनी वरच्यांना आणलं," एवढंच म्हणाले
आणि टॉवेल झटकून पुढच्या गाडीकडे गेले.

त्या दिवसापासून मी समासात लिहू लागले,
पेन्सिलीने, बारीक :
क्रेट काठोकाठ भरला.
टेम्पो चाकणला दोन तास उभा.
कोथिंबीर ओल्या गोणपाटात, वाफ धरून पिवळी.
फ्लॉवर : भाव पडला, उतरवलाच नाही.
वांगी : चांगली होती. वाकडी होती.
इथे पेन्सिल अडली.
भाजल्यावर वांग्याचा वाकडेपणा
कुणाच्या ताटात दिसतो?

आमच्या धायरीत टँकर येतो
तेव्हा जिन्यात बादल्यांची रांग लागते,
कुणाची कितवी, यावरून अबोले होतात.
आणि इथे कुकडीच्या कालव्याचं पाणी
सालीत बंद होऊन ऐंशी किलोमीटर येतं,
डिझेल पिऊन येतं,
आणि गाळ्यामागच्या गटारात
तांबडं होऊन वाहतं. त्याला रांग नाही.

झुंबरबाई दहाला येते, मुंढव्याच्या गोठ्यासाठी
कोबीची वरची पानं गोणीत दाबून भरते.
एकदा मी तिची गोणी काट्यावर ठेवली :
अडतीस किलो.
ती ओशाळली, जणू तिलाच उभं केलं होतं.
"लिवू नगंस गं," म्हणाली, "उद्या पैकं मागत्याल."
ते मी लिहिलं नाही.
वहीतली तेवढी एकच घट खरी नव्हती,
आणि तेवढीच मी लपवली.

शेठनी समास वाचला. चष्मा काढला, पुसला.
"क्रेट दोन बोटं रिकामा ठेवा," म्हणून
नारायणगावला फोन लावला.
आठवडाभर नऊचे चार झाले.
मग क्रेट वाढले म्हणून भाडं वाढलं,
भाड्यावरून तोंडं वाजली,
आणि पुन्हा सहा. पाच. सात.
मी लिहीत राहिले.

नवरात्रात आई म्हणाली,
"यंदा घट किती छान आलाय बघ."
मी दचकले.
पत्रावळीवर मूठभर माती, मडकं,
भोवती गव्हाची वीतभर पिवळट पाती.
तोच शब्द.
एकाला आम्ही नऊ दिवस पाणी घालतो,
दुसऱ्याचं नाव निघालं की पान उलटतो.

रात्री ताकासाठी फ्रिज उघडला.
खालच्या कप्प्यात, गाठ मारलेल्या पिशवीत,
अर्धी जुडी मेथी. काळी, चिकट.
मीच आणलेली, गाळ्यावरूनच,
झुंबरबाईंच्या गोणीत पडायच्या आधी उचलून,
वाया जाऊ नये म्हणून.

वही दप्तरातच होती.
मागच्या पानावर लिहिलं :
धायरी, दुसरा मजला. घट : अर्धी जुडी.
कारण,
आणि फ्रिजचं दार उघडंच राहिलं,
गार हवा पायांवरून जात राहिली.
मग लिहिलं : विसरले.
पेन्सिलीने नाही. पेनाने.